बूड नसलेली चिलीम

कुंभाराच्या हातून उतरणाऱ्या बहुतेक वस्तूंना टेकायला जागा असते. रांजण जमिनीत रुतून बसतो, पणतीला तळ असतो, गोल बुडाच्या घागरीलाही चुंबळीचा आधार पुरतो. चिलमीला मात्र बूडच नाही. वीतभर लांबीची, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला धोत्र्याच्या फुलासारखी उमललेली ही मातीची नळी रिकामी असताना फार तर तोंडावर पालथी उभी राहील. पण तंबाखू भरून वर निखारा ठेवला की तिला ठेवायची जागा एकच उरते, ती म्हणजे माणसाची मूठ. युरोपातले कारागीर ब्रायरच्या मुळावरच्या गाठी कोरून वळणावळणांचे पाइप घडवतात, त्यांत लाकडाच्या रेषा ज्वाळांसारख्या खेळवतात, आणि त्या कौशल्याला आपण मनापासून दाद द्यावी. पण तो पाइप एकाच्या ओठांसाठी घडलेला असतो. चिलमीचा आकार एवढ्यावर थांबत नाही. तो हाताने पुरा व्हायचा असतो.

हे पुरे होणे कसे घडते, ते जरा जवळून पाहू. पोकळीत, निमुळत्या भागाच्या तोंडाशी, एक खडा सोडतात. तो धूर जाऊ देतो, तंबाखू अडवतो. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळतात, तिला छापी म्हणतात. मग दोन्ही हातांच्या बोटांची अशी मूठ बांधायची की तळव्यांत एक लहानशी पोकळी उरावी, आणि ओठ लावायचे ते अंगठ्याशी ठेवलेल्या फटीला. सराईत ओढणाऱ्याचे ओठ मातीला लागतच नाहीत. म्हणजे मातीची नळी सर्वांची एक, पण तिचे तोंड ज्याचे त्याने आपल्या हातांनी घडवायचे! उष्ट्या-खरकट्याचा, विटाळाचा एवढा बाऊ करणाऱ्या समाजात ही वस्तू हातोहात कशी फिरू शकली, याचे एक उत्तर मला या मुठीत दिसते.

परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या पाथरी तालुक्यात उभे राहून चिलमीचा विचार करू लागलो की आधी माती आठवते. इथली काळी जमीन कापसाला मानवते, कुंभाराला छळते. ओली असताना फुगते, वाळताना आक्रसून भेगाळते. म्हणून महाराष्ट्रातला कुंभार नदीचा, तळ्याचा गाळ शोधतो, त्यात घोड्याची लीद आणि राख मिसळतो आणि मग तो गोळा चाकावर चढवतो. चिलमीसारख्या लहान वस्तूंसाठी प्रत्येकी वेगळा गोळा घ्यावा लागत नाही. एका मोठ्या गोळ्याच्या माथ्यावरून एकामागून एक नग उतरत जातात. अंगठ्याने तोंड उमलवायचे, बोटांच्या वेढ्यात कंबर आवळायची, काडीने श्वासाची वाट मोकळी करायची आणि दोऱ्याने तो नग अलगद कापून घ्यायचा. या साऱ्याला जो वेळ लागतो, त्यात आपले पाहणेसुद्धा पुरे होत नाही.

पाथरीचे नाव घेतले ते आणखी एका कारणाने. शिर्डीच्या साईबाबांचे जन्मस्थान हेच, अशी इथली श्रद्धा आहे. १९९९पासून गावात त्यांचे मंदिरही आहे. २०२० साली या जन्मस्थानाच्या वादावरून शिर्डी बंद राहिली होती. त्या वादात आपण पडू नये. आपले लक्ष बाबांच्या सामानाकडे आहे, कारण ते सारे एका दमात मोजून संपते : चिलीम, तंबाखू, टमरेल, कफनी, डोक्याचे फडके आणि सटका नावाची आखूड काठी.

यातल्या चिलमीला गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पाचव्या अध्यायात जे स्थान दिले आहे, ते रसिकाने सावकाश न्याहाळावे. धूपखेड्याचे चांद पाटील हरवलेली घोडी शोधून थकलेले, खोगीर पाठीवर टाकून परतत आहेत. आंब्याखाली एक फकीर, म्हणजे बाबाच, तंबाखू चुरतो आहे. तो नाल्याकडे बोट दाखवतो, घोडी सापडते. इथे दुसरा एखादा कथाकार आटोपता झाला असता. दाभोलकर थांबत नाहीत, कारण चिलीम अजून पेटायची आहे. विस्तव नाही, छापी भिजवायला पाणी नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसतो, निखारा वर येतो. सटका आपटतो, पाणी येते. आणि मग येतो तो तपशील, ज्यावर मी लुब्ध आहे : छापी भिजवली जाते, पिळली जाते, चिलमीला गुंडाळली जाते. जमिनीतून अग्नी काढणाऱ्यालाही फडके पिळण्यावाचून सुटका नाही! चमत्कार चमत्काराच्या जागी. चिलीम भरण्याची रीत मात्र तसूभरही बदललेली नाही. पंचमहाभूतांची यादी मांडण्याचा मोह इथे होतो, तो आवरतो. एका टोकाला विस्तव, दुसऱ्या टोकाला ओलावा आणि मधे वीतभर भाजलेली माती, एवढेच पुरे आहे.

या साधेपणाची चव वाढते ती एका जुन्या नळीशेजारी ठेवून पाहिल्यावर. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापुराहून त्याच्या दरबारी तंबाखू घेऊन गेला, तेव्हा त्याने सोबत जडावाची नळी आणि यमनी अकिकाचे मुखनळ नेले होते. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि हकीम आडवा आला. हकिमाचे म्हणणे आज कोणताही डॉक्टर उचलून धरील. आपण इथे धुराचे नव्हे, आकाराचे चाहते आहोत. तो जडाव एका बादशहापुढे करण्यासाठी होता. शिर्डीच्या द्वारकामाई मशिदीतली चिलीम बाबांच्या हातून जवळच्या भक्ताच्या हाती आणि त्याच्याकडून परत, अशी फिरत असे.

त्याच शिर्डीत वामन तात्या नावाचे कुंभार बाबांना रोज दोन घडे देत, तेही न भाजलेले. बाबा त्यांत पाणी भरून फुलझाडांना घालत, संध्याकाळी घडे झाडाखाली ठेवत आणि ते तिथेच फुटून जात. दुसऱ्या दिवशी नवे दोन. ही बाग जिथे फुलली, तिथे आज समाधी मंदिर उभे आहे. एका दिवसाच्या पाण्यापुरती कच्ची माती चालून गेली, निखारा पेलायला मात्र आव्यातून निघालेलीच लागली. म्हणून घडे मातीला मिळाले आणि बाबांच्या चिलमी दीक्षित वाड्यातल्या संग्रहालयात आपल्याला अजून पाहता येतात.