लोहमार्गांचे अंकीय नकाशातील चित्रण : बार्शी लाइट रेल्वेच्या संदर्भात

सन २००४ मध्ये इंग्लंडमध्ये आरंभ झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी घडविलेला मुक्त नकाशा होय. लोहमार्गांच्या बाबतीत त्याने छापील नकाशांना पुष्कळच मागे टाकले आहे. छापील नकाशात एका रेषेने सुचविला जाणारा मार्ग येथे रुळांच्या प्रत्येक जोडीगणिक स्वतंत्र रेखाटता येतो. गेज, विद्युतीकरण, कमाल वेग हे गुणधर्म त्या रेषेस ‘टॅग’च्या रूपाने जोडता येतात. फलाट, सांधे, सिग्नल आणि फाटके यांचीही वेगळी नोंद होते. हे चित्रण अभियंत्याच्या दृष्टीचे आहे आणि त्या मर्यादेत ते प्रशंसनीयच म्हणावे लागेल.

उणीव जाणवते ती काळाच्या संदर्भात. रूळ शिल्लक असलेला पण वापरात नसलेला, रूळ उखडले तरी भराव वा खोदाई दिसणारा आणि पूर्णतः नामशेष झालेला, असे बंद मार्गांचे तीन प्रकार या टॅग-व्यवस्थेत मानले जातात. मात्र जमिनीवर पडताळता येईल तेच नोंदवावे, हा प्रकल्पाचा मूलभूत दंडक असल्यामुळे तिसरा प्रकार सदैव वादग्रस्त ठरतो.

बार्शी लाइट रेल्वेच्या उदाहरणावरून हा प्रश्न स्पष्ट होतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या कल्पनेतून साकारलेला हा ७६२ मि.मी. गेजचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे १९११ मध्ये तो लातूरपर्यंत व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. लातूर-कुर्डुवाडी भागाचे ब्रॉड गेज रूपांतर २००७-०८ मध्ये झाले, तेव्हा जुन्या मार्गाने वगळलेल्या उस्मानाबादला (आजचे धाराशिव) नव्या आखणीत स्थान मिळाले. जेथे नवा मार्ग जुन्यावरच पडला, तेथे नकाशात ७६२ च्या जागी १६७६ हा आकडा येतो, इतकेच. जेथे आखणी बदलली, तेथे जुना भराव शेतात मिसळला की रेषा पुसण्यास नियमाची संमती मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे इतक्या उशिरा का आली, हा प्रश्न मग नकाशा पाहणाऱ्यास पडणारही नाही.

हा दंडक अनाठायी आहे, असे नव्हे. तो नसता तर नकाशा ऐकीव माहितीने भरून गेला असता. ऐतिहासिक नोंदींसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा प्रकल्पही आहे. पण नित्याचा वाचक तिकडे क्वचितच वळतो. खरा आक्षेप पडताळणीच्या रीतीवर घ्यावा लागतो. दूरवर बसून उपग्रहचित्रे पाहणाऱ्यास जुना भराव आणि गाडीवाट यांतील भेद सहसा कळत नाही. तो ज्या गावकऱ्यास कळतो, त्याच्या स्मरणाला येथे पुराव्याचा दर्जा नाही. वाहतूक थांबलेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरो गेजसारख्या मार्गांची निर्विवाद नोंदही रूळ जागेवर असेपर्यंतच टिकणारी आहे.