तबकडीवरचे नाव

जुनी मनगटी घड्याळे गोळा करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा येतो. परदेशी संग्राहकांत तो रूढ झाला आणि आता आपल्याकडचे हौशी लोकही तो बिनदिक्कत वापरतात. अर्थ असा : एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याची डबी, तिसऱ्याचे काटे, मूळ तबकडी पुसून तिच्यावर नवा भडक रंग आणि त्या रंगावर एखाद्या नामांकित कंपनीचे नाव. घड्याळ चालते, झगझगीत दिसते, थोडक्या पैशांत मिळते. घेणारा खूश होतो. पुढे कुणी जाणकार भिंग लावून पाहतो, तेव्हा अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा वाकड्या पडलेल्या असतात, आणि त्या कंपनीने असल्या रंगाची तबकडी कधी काढलीच नव्हती हे उघड होते.

या घड्याळांवरची टीका बहुधा ‘भेसळ’ या एका शब्दापाशी थांबते. मला ती अपुरी वाटते. चावीचे घड्याळ चाळीस-पन्नास वर्षे चालायचे तर त्याची स्प्रिंग तुटणार, बॅलन्सचा आस मोडणार, काच चिरणार. जिथे कंपनीचा सुटा भाग पोचत नाही तिथला घड्याळवाला एका मेलेल्या घड्याळाचा अवयव काढून दुसऱ्याला जगवतो. हे झाले नसते तर आपल्या आजोबांची निम्मी घड्याळे केव्हाच भंगारात गेली असती. शिवाय, भेसळीवरून नाक मुरडण्याचा अधिकार आपणा सीमेवरच्यांना कितपत आहे? जोयड्याकडचे घर घ्या. क्रियापद मराठी, लाडाचा शब्द कोकणी आणि सातबाऱ्याला ‘पहाणी’. तरी त्या बोलण्याला कुणी खोटे म्हणत नाही. तेव्हा दोष मिसळण्यात नसावा. तो दुसरीकडे शोधला पाहिजे.

त्यासाठी अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यात फिलिप द्युफूर नावाचा कारागीर आहे. जंगल, थंडी, लांबच लांब हिवाळा असा तो मुलूख. पावसाळ्यात आपला अणशी-कुंभारवाड्याकडचा भाग जसा अंगण धरून बसतो, तसे तिथले शेतकरी पूर्वी बर्फात घरी बसत आणि खिडकीशी टेबल लावून घड्याळांचे भाग घडवीत. द्युफूरने त्याच परंपरेत, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या छत्राखाली न जाता, स्वतःच्या नावाने घड्याळे केली. २००० सालच्या सुमारास आलेले त्याचे ‘सिंप्लिसिटी’ हे घड्याळ तास, मिनिट आणि सेकंद यांपलीकडे काही दाखवत नाही. तारीखसुद्धा नाही. सुमारे दोनशे नग झाले, आणि नंतर विसाव्या वर्षाच्या निमित्ताने आणखी वीस. त्यांतला एक २०२० साली जिनिव्हाच्या लिलावात साडेतेरा लाख स्विस फ्रँकच्या वर गेला.

हा आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. संग्राहकांच्या लिखाणाचेही तसेच होते. आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. घड्याळाच्या पोटातली प्रत्येक पट्टी, तिची कड, तिचा आतला कोपरा हा माणूस हाताने झिलई देऊन पुरा करतो. त्यासाठी त्या डोंगरात उगवणाऱ्या जेंशियन नावाच्या झाडाची वाळलेली काडी वापरतो. आणि मग तबकडीवर स्वतःचे नाव घालतो. ते नाव आणि तो हात यांच्यात तिसरे कुणी नाही. दुर्मिळता हा त्याचा परिणाम आहे, गुण नव्हे. दोनशेच नग का, तर एका माणसाच्या आयुष्यात तेवढेच बसतात.

आता ‘मुंबई स्पेशल’कडे परत पाहिले की त्याचा खरा दोष ध्यानात येतो. यंत्र जोडणारा हात कुशल होता. बंद पडलेले घड्याळ त्याने चालू केले. पण नाव त्याने दुसऱ्याचे घातले. खोटी आहे ती सही. त्याच कारागिराने तबकडीवर आपले नाव आणि आपल्या गल्लीचे नाव छापले असते, तर त्या घड्याळाला नकली म्हणण्याची हिंमत मी केली नसती. उलट ते स्वतंत्र कारागिराचे घड्याळच म्हणावे लागले असते. अर्थात द्युफूरच्या पंगतीला ते बसले नसते. पंगत वेगळी, पान खरे. २०१८ साली सुरू झालेली बंगळूरची एक छोटी कंपनी यंत्र स्वित्झर्लंडचे घेते आणि तसे सांगते. तिची घड्याळे कुणाला आवडोत न आवडोत, फसवणुकीचा आरोप तिच्यावर येत नाही.

आपल्या भागाचा घड्याळांशी संबंध जुना आहे, आणि तो याच प्रश्नाशी येऊन भिडतो. जोयडा तालुक्यातले कॅसलरॉक हे पोर्तुगीज अमलात सरहद्दीचे स्टेशन; तिथे जकातीची तपासणी होई. स्वातंत्र्यानंतर भारतात परदेशी मालावर निर्बंध आले, गोव्यात तो मोकळा मिळे, आणि स्विस घड्याळ ही अंगावर लपवायला सर्वांत सोपी वस्तू. मनगटावर कोणते नाव आहे याला तेव्हा केवढे मोल होते! १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ती सरहद्द उरली नाही. त्याच वर्षी बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे करायला घेतली. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली.

त्यांतली ‘जनता’ आपल्या कित्येक घरांत शिरली. सतरा ज्युवेल, रोज सकाळी चावी, सेकंदाला पाच टिकटिकी. काही तबकड्यांवर आकडे देवनागरी असत. सौंदर्याच्या दृष्टीने मला ही तबकडी भारतात झालेल्या उत्तम तबकड्यांपैकी एक वाटते. पांढरी भूमी, बारीक काटे, मिरवणे नाही. लिपी तिथे शोभेला आलेली नाही, वेळ वाचण्यासाठी आली आहे. कर्नाटकातल्या कारखान्यात हिंदीचा विचार करून छापलेले ते आकडे आपल्या घरी मात्र सरळ मराठी म्हणून वाचले गेले, याची गंमत दुभाषिक मुलखातल्या वाचकाला वेगळी सांगायला नको.

२०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करायचे ठरवले आणि ही घड्याळे एकदम ‘संग्राह्य’ झाली. तेव्हापासून अशा तबकड्या पुसून रंगवण्याचा सपाटा सुरू आहे. पिवळसर पडलेली, कडेला डाग धरलेली मूळ तबकडी कुणाला नको असते. लग्नात मिळालेले घड्याळ मुलाच्या लग्नात ‘नव्यासारखे’ हवे असते. आणि देवनागरी तबकडीला गिऱ्हाईक जास्त म्हटल्यावर साध्या इंग्रजी आकड्यांच्या घड्याळावरही देवनागरी आकडे चढवणे कुणाला सुचले तर नवल नाही. म्हणजे आपलीच लिपी खोट्या सहीच्या कामाला लागणार. ही गोष्ट मला त्या भडक नारिंगी रंगापेक्षा जास्त खुपते.

घरात असे घड्याळ असेल तर घड्याळवाल्याला एवढेच सांगावे : तेलपाणी करा, मोडले असेल ते बदला, तबकडीला हात लावू नका. त्याने मागचे झाकण उघडले की आतून जरूर पाहावे. घड्याळ दुरुस्त करणारे झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्याने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात. कधी तीन-चार निरनिराळ्या हातांच्या खुणा एकाखाली एक सापडतात; एखादी कन्नडमधली, एखादी मराठीतली.