जांभ्या दगडावरचा उजेड

वास्तूच्या भिंतीवर रात्री प्रकाशचित्रे टाकून त्या जागेचा इतिहास सांगण्याची कला आज देशभर पसरली असली, तरी ती जितकी पसरली तितकी वाढलेली नाही, आणि कोकणच्या किनाऱ्यावरून तिच्याकडे पाहिले असता हे खुरटलेपण विशेष जाणवते.

या कलेचे आधीचे रूप म्हणजे ध्वनिप्रकाशाचा खेळ. फ्रान्समधील शांबोरच्या राजवाड्यात पोल रोबेर-उदाँ यांनी १९५२ मध्ये तो प्रथम उभा केला आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यात तो १९६५ मध्ये आला. या खेळात दिव्यांचे झोत वास्तूचा एकेक भाग उजळवतात, पण चित्र घडते ते ध्वनिमुद्रित निवेदनातून, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात. नंतरचे रूप ‘प्रोजेक्शन मॅपिंग’ या नावाने ओळखले जाते. त्यात भिंतीचे बारकाईने मोजमाप घेऊन तिची संगणकीय प्रतिकृती तयार करतात आणि कमान, खिडकी, कंगोरा यांवर नेमके बसेल असे चित्र अनेक प्रोजेक्टरांतून एकसंध टाकतात. कॅनडातील क्वेबेक शहराला ४०० वर्षे झाली तेव्हा, २००८ मध्ये, रोबेर लपाज यांनी त्या शहराचा इतिहास कोणत्याही राजवाड्यावर न दाखवता बंदरातील धान्याच्या कोठारांच्या रांगेवर दाखवला. जागेची ही निवड हेच त्या कलाकृतीतले पहिले विधान होते.

मराठी मुलखाला उजेडाने चित्र दाखवण्याची कला परकी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवणारे ते यंत्र होते. त्याहून जुनी परंपरा कोकणातल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपली आहे. चामडे पातळ करून, रंगवून आणि त्याला छिद्रे पाडून केलेली बाहुली पडद्यामागच्या दिव्यासमोर धरली, की उजेड तिच्या अंगातून पडद्यावर उतरतो, आणि त्याच वेळी सूत्रधार गात गात कथा पुढे नेतो. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु किल्ल्यांवरचे खेळ रचताना या परंपरेकडे शिकण्यासारखे काही म्हणून पाहिले जात नाही, ही फार मोठी उणीव आहे.

एरवी या खेळांत घोडे दौडतात, तलवारी तळपतात, ध्वज फडकतो आणि भारदस्त आवाज प्रत्येक प्रसंगाला सारख्याच आवेशाने गौरवतो. एका किल्ल्यावरचा खेळ उचलून दुसऱ्यावर ठेवला तरी फारसे काही बिघडू नये, इतका तो जागेपासून सुटा असतो. याउलट, अंदमानच्या सेल्युलर जेलमधील खेळात आवारातला पिंपळ निवेदक होतो. एवढ्या एका निर्णयाने सांगणारा त्या जागेचाच साक्षीदार ठरतो.

देवगड तालुक्यातील विजयदुर्गाचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे, कारण २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांमध्ये तो असल्याने तेथेही असा खेळ करावा ही इच्छा साहजिक आहे. मात्र तेथील तट जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र, खडबडीत आणि पावसाळ्यांनी काळवंडलेला असतो. गुळगुळीत पांढऱ्या भिंतीसाठी केलेले चित्र त्यावर टाकले तर रेषा विस्कटतात, निळा आणि हिरवा रंग मळकट होऊन विझतो, पण तांबडा, शेंदरी, पिवळा हे रंग दगडातूनच वर आल्यासारखे उमटतात. हा दगडाचा दोष मानून अधिक प्रखर प्रोजेक्टर आणणे सोपे असले, तरी कलावंताने दगडाचे ऐकले पाहिजे.

जांभ्यावर खुलणारे हे रंग आगीचे आहेत, आणि या किल्ल्याच्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंगही आगीचाच आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये नौसेनापती वॉटसनचे इंग्रज आरमार वाघोटन खाडीच्या तोंडाशी आले, तोफा डागल्या गेल्या आणि किल्ल्याच्या आश्रयाला उभे असलेले, किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांचे मराठा आरमार जळून गेले. त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. मराठ्यांच्या समुद्री सत्तेचा घात मराठ्यांच्याच संमतीने झाला, ही गोष्ट गौरवाच्या आवाजात सांगता येत नाही आणि वगळली तर विजयदुर्गाची कथा खोटी ठरते. ती सांगण्यासाठी निवेदनही थोडेच पुरेल. पिंगुळीच्या बाहुल्यांसारख्या गुराब जहाजांच्या काळ्या आकृत्या, त्यांच्यामागे हळूहळू वाढत जाणारा शेंदरी उजेड आणि लाटांचा प्रत्यक्ष आवाज एवढ्यावर तो प्रसंग उभा राहू शकतो. त्यासाठी समुद्र भिंतीवर रंगवण्याचे कारण नाही. भरतीच्या वेळी तो तटाच्या पायथ्याशी येतो आणि भिंतीवरचा जाळ पाण्यातही दिसतो.