शून्य किमतीचा करार

संगणकीय सेवा फुकट देऊन व्यापार कसा चालतो, या प्रश्नाची गाजलेली मीमांसा अमेरिकन संपादक क्रिस अँडरसन यांनी २००९ साली ‘फ्री : द फ्यूचर ऑफ अ रॅडिकल प्राइस’ या ग्रंथात केली. मूळ सेवा फुकट व वाढीव सोयी मोबदल्याने, या पद्धतीस ‘फ्रीमियम’ हे नाव २००६ सालीच पडले होते. नवोदित कंपन्यांनी ती पुढे मोठ्या प्रमाणावर अंगीकारल्यामुळे ग्रंथातील प्रतिपादन आता अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहता येते.

ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा : अंकरूप वस्तूची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च शून्याकडे झुकतो, स्पर्धेत किंमत सीमान्त खर्चाच्या मागे जाते, म्हणून किंमतही शून्याकडे जाणार. सुमारे ५ टक्के ग्राहकांनी उरलेल्यांचा भार वाहावा, हे सूत्र त्यातूनच निघते. फुकटपणाच्या मुळाशी कोणी तरी खर्च सोसत असतो, हे अँडरसन स्पष्टपणे दाखवतात, हे या ग्रंथाचे खरे बळ होय.

परंतु प्रत काढणे वेगळे आणि सेवा चालू ठेवणे वेगळे. ‘ड्रॉपबॉक्स’ने २०१८ साली भागविक्रीच्या वेळी ५० कोटींहून अधिक नोंदलेले आणि १.१ कोटीहून अधिक पैसे देणारे ग्राहक जाहीर केले. म्हणजे शेकडा सुमारे दोन. नोंदलेल्यांत निष्क्रियही असतात, तेव्हा एवढ्याने ५ टक्क्यांचे सूत्र खोटे ठरत नाही. मात्र साठवण रोज सांभाळावी लागते, आणि आधार अरुंद असला की फुकटाची सीमा सरकवण्याचा मोह विक्रेत्यास होतो. २०१९ च्या मार्चमध्ये या कंपनीने फुकट खात्यास तीन उपकरणांची मर्यादा घातली.

ग्रंथातील खरी उणीव परिशिष्टात दिसते. तेथे ३० दिवसांची मुदतबंद चाचणी व सोयींची मर्यादा हे एकाच पद्धतीचे प्रकार म्हणून शेजारी मांडले आहेत. आणि मुदत संपणार हे ठाऊक असल्याने ग्राहक मनापासून वापर करीत नाही, हा चाचणीचा दोष मानला आहे. विक्रेत्याच्या बाजूने हा दोष खरा. ग्राहकाच्या बाजूने तोच विवेक होय. चाचणीत मुदत उभयतांस ठाऊक असते. फ्रीमियममध्ये ती सांगितलेली नसते, पण ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याकडे राहतो. ‘एव्हरनोट’ने २०२३ च्या डिसेंबरमध्ये फुकट खाते ५० टिपणे व एक वही एवढ्यावर आणले. जुनी टिपणे वाचण्याची व बाहेर नेण्याची मुभा ठेवली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. तरीही वर्षानुवर्षांचा संग्रह दुसरीकडे हलवण्याचे श्रम ग्राहकाच्याच माथी आले.

अँडरसन विक्रेत्याचा घटता खर्च मोजतात. ग्राहकाची वाढती गुंतवणूक त्यांच्या हिशेबात येत नाही. ती धरली म्हणजे दिसते की शून्य ही येथे किंमत नसून उसनवारी आहे, आणि तिची मुदत धनकोच्या हाती आहे.