तलवारी घरच्या, शत्रू बाहेरचा

कोल्हापूरची गादी यादवीतून जन्मली. 1707 मध्ये औरंगजेब वारला, मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहूराजे दक्षिणेत आले आणि ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. 1714 मध्ये राजसबाईंनी पन्हाळ्यावर ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले. 1731 च्या वारणेच्या तहाने हे भांडण मिटले आणि वारणा नदी दोन राज्यांची सीमा झाली. तोतयेपणाचा आरोप, ऐन रणात फुटलेला सेनापती, किल्ल्यातला कट, सवतींचे वैर. तलवारबाजीच्या चित्रपटाला आणखी काय लागते?

आणि तसा चित्रपट घडवणारे हेच गाव. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ 1923 चा. शांतारामबापूंचे दिग्दर्शनातले पहिले पाऊल, 1927 चा ‘नेताजी पालकर’, याच कंपनीतले. पुढे भालजी पेंढारकरांनी नेताजींवर पुन्हा चित्रपट काढला. ‘छत्रपती शिवाजी’, ‘पावनखिंड’, ‘मराठा तितुका मेळवावा’ ते ‘गनिमी कावा’ अशी त्यांची लांब रांग आहे. या तिघांच्या ऐतिहासिक चित्रपटांची नावे ओळीने लावून पाहिली, तर 1707 ते 1731 ही वर्षे त्यांत कुठेच सापडत नाहीत. हा योगायोग आहे असे मी मानत नाही.

संस्थानाच्या दबावाने असे झाले, हे उत्तर चटकन सुचते. ते पुरत नाही. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि वर सांगितलेले भालजींचे चित्रपट, एक ‘नेताजी पालकर’ वगळता, त्यानंतरचे आहेत. दरबाराची भीती उरली नव्हती तरीही विषय आला नाही.

मला पहिले कारण इंग्रजी अमदानीत दिसते. 1930 मध्ये ‘प्रभात’ने शिवचरित्रावरचा चित्रपट ‘स्वराज्याचे तोरण’ या नावाने केला, सेन्सॉरला ते नाव खुपले आणि तो ‘उदयकाल’ म्हणून पडद्यावर आला. शिवाजीराजे झाले होते खुद्द शांताराम. प्रेक्षकाला पडद्यावरच्या परक्या सुलतानाच्या जागी कोण बघायचे हे बरोबर कळत होते. असा संकेत चालायचा तर शत्रू बाहेरचाच हवा. भाऊबंदकी त्यात बसत नाही. घरातल्या घरात गादीसाठी चाललेले कारस्थान दाखवायचेच, तर ते ‘अग्निकंकण’सारख्या (1932) काल्पनिक राज्यात. इंग्रज गेले, संकेताचे काम संपले, पण त्याने लावलेले वळण राहिले.

भालजी मात्र एकदा या यादवीच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. 1954 चा ‘महाराणी येसूबाई’. येसूबाई शाहूंच्या आई. 1689 मध्ये रायगडाला वेढा पडत असताना राजारामांना बाहेर काढणाऱ्या त्याच, आणि त्या राजारामांच्या पत्नी म्हणजे ताराबाई. दोन शाखा इथून फुटतात. एक स्त्री दिराला वाट देऊन स्वतः मुलासह कैदेत जाते. दुसरी सात वर्षे औरंगजेबाशी लढते आणि नंतर त्या मुलाचा हक्क नाकारते. कोल्हापूरच्या दिग्दर्शकाने नायिका म्हणून पहिली निवडली, कोल्हापूरच्या गादीची मूळ धनीण नाही! त्याग पडद्यावर शोभतो, हक्काचे भांडण अडचणीचे होते.

इंग्रजांना त्यांची यादवी अशी अडचणीची वाटली नाही. ‘द मूनरेकर’ (1958) हा तसा बेताचाच चित्रपट. वूस्टरच्या पराभवानंतर पळणाऱ्या राजपुत्र चार्ल्सला सोडवणारा नायक, आणि नायिकेचे लग्न ठरले आहे क्रॉमवेलच्या एका कर्नलशी. वैरी त्याच खाणावळीत, त्याच जेवणाच्या टेबलाशी बसतो. प्रतिपक्षाला मोठेपण देणे भालजींना जमत नव्हते असेही नाही. ‘छत्रपती शिवाजी’त (1952) मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेसाठी त्यांनी पृथ्वीराज कपूर आणले होते. तो मान परप्रांतीयाला मिळाला. नदीपलीकडच्या मराठ्याला नाही.

दुसरे कारण कागदावर कुठे सापडणार नाही, म्हणून ते माझे अनुमान म्हणूनच घ्यावे. 1948 च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाली, ब्राह्मणांची घरेदारे पेटली आणि त्यात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ‘मीठ भाकर’ची फिल्म त्यात गेली, तो चित्रपट पुन्हा उभा करून 1949 मध्ये आणावा लागला. जाळणारे अफझलखानाचे स्वार नव्हते, याच मुलखातले लोक होते. ज्याने आपल्यांचा हात आपल्यांवर उठलेला इतक्या जवळून पाहिला, त्याने पुढे ‘मराठा तितुका मेळवावा’ हे नाव निवडावे याला मी निव्वळ इतिहासप्रेम म्हणणार नाही. मेळवा असे सांगावे लागते ते माणसे विखुरलेली असतात म्हणून. पण विखुरणे मात्र त्यांनी दाखवले नाही, आणि एवढ्यापुरती माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे.

खेडचा प्रसंग चित्रपटात आला असता तर कॅमेरा धनाजींच्या चेहऱ्यावर थांबवावा लागला असता. घोडदौड, धूळ, उपसलेल्या तलवारी हे सगळे कोल्हापुरी युनिटला तोंडपाठ होते. पण धनाजी कुणाकडे वळतात त्यावर साताऱ्याच्या थिएटरात टाळ्या पडल्या असत्या, आणि त्याच रिळाला कोल्हापुरात काय झाले असते याचा हिशेब वितरकाने आधीच केला असता.