उसातून चालत आलेली माणसं

क्यूबन चित्रकार विफ्रेदो लामच्या १९४३ च्या प्रसिद्ध चित्राचं नाव 'द जंगल'. प्रत्यक्षात त्यात दाटलाय तो ऊस. कांड्यांसारखे लांबसडक पाय, मुखवट्यांचे चेहरे, उजवीकडे वर उगारलेली कात्री. लामचे वडील चिनी, आई आफ्रिकी-स्पॅनिश वंशाची आणि धर्ममाता सांतेरिया पंथाची पुजारीण. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हे चित्र दोन वर्षांत विकत घेतलं खरं, पण पुढे बराच काळ ते लटकत होतं कोट ठेवायच्या खोलीच्या वाटेवर. पिकासोचा क्यूबन चेला, एवढी ओळख पुरेशी वाटली असावी.

कॅरिबियनमध्ये पूर्वज शोधायला गेलं की हाती लागतात मळेवाल्यांच्या गुलामनोंदींच्या वह्या: नाव (तेही बहुधा मालकाने ठेवलेलं), वय, किंमत. म्हणून चित्रकारांनी देवघरं, ढोल, मिरवणुका आणि शिवणकाम धुंडाळलं. त्यातलं सगळंच काही कसदार नाही. पिसं नि कवट्या मांडल्या की स्मृती जागी झाली, असं समजणारं कामही ढिगाने दिसतं.

हवानाच्या बेल्किस आयोनचं (१९६७-९९) काम मात्र अस्सल. आबाक्वा हा क्यूबातला पुरुषांचाच गुप्त संघ. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. त्याच्या कथेत सिकान नावाच्या राजकन्येच्या पाण्याच्या भांड्यात पवित्र मासा येतो, गुपित तिला कळतं आणि तिचा बळी जातो. आयोनने हीच बाई आपली नायिका केली. पुठ्ठ्यावर कागदाचे कापलेले तुकडे, सँडपेपर चिकटवायचे, शाई भरायची आणि दाबयंत्रातून ठसा काढायचा, ही तिची रीत. मासे नि सापांचे खवले काळ्या-करड्या छटांत असे उठतात की बोट फिरवावंसं वाटतं. माणसांना टक लावणारे डोळे आहेत, तोंड नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबात साध्या कागदाचीही चणचण होती, तेव्हा तिने अनेक ताव जोडून भिंतभर चित्रं छापली. आणि आयोन स्वतः नास्तिक!

हैतीच्या मिरलांद कॉन्स्टांने लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात मणीकाम शिकून घेतलं. आपल्याकडच्या आरीकामाचंच ते भावंड. वोदू धर्माचे ध्वज टिकल्यांनी मढवणं हा पुरुषांचा प्रांत होता. तिने त्यात मणी आणले आणि ध्वजाचं भलंमोठं चित्र केलं.

ब्रिटिश गयानात १८३८ ते १९१७ दरम्यान भारतातून सुमारे २ लाख ३९ हजार करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांसाठी गेले. तिथेच जन्मलेली सुचित्रा मट्टई वापरलेल्या साड्या विणून मोठाले पट करते. रंग लोभसवाणे, इतके की कधी कधी मळ्यातला घाम त्यांत हरवतो.

ह्यू लॉकचं बालपणही गयानातलं. २०२२ मध्ये त्याने लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये पुठ्ठा, कापड, मुखवटे यांतून दीडशेच्या आसपास माणसांची मिरवणूक उभारली. वसाहतकाळातल्या कंपन्यांचे शेअर्स छापलेलं कापड काहींच्या अंगावर. ज्याच्या नावाने हे संग्रहालय उभं आहे त्या हेन्री टेटने पैसा कमावला साखर शुद्ध करून. लॉकने मिरवणुकीत कार्निव्हल आणि प्रेतयात्रा एकत्र चालवली. कुठली कुठे संपते ते सांगायच्या भानगडीत तो पडला नाही.