भिंतीवरचे चित्र आणि आनंदाचा हक्क

चित्रसंग्रह हा श्रीमंतांचा शौक आहे, असे आपल्या चळवळीत कोणी लिहीत नाही. मानतात मात्र बहुतेक सगळे. मोर्च्याच्या फलकासाठी, नियतकालिकाच्या मुखपृष्ठासाठी आपल्याला चित्रकार हवा असतो. त्याचे चित्र विकत घ्यावे, घरात लावावे आणि केवळ पाहत बसावे, ही मात्र चैन वाटते. यामागे एक वैचारिक कारणही आहे. दलित साहित्याने आनंदवादी समीक्षा नाकारली. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ च्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’मध्ये ती भूमिका मांडली. वेदनेच्या साहित्याला आनंदाची फूटपट्टी लावू नका, हे म्हणणे रास्तच आहे. परंतु फूटपट्टी नाकारणे वेगळे आणि आनंद घेण्याचा हक्कच सोडून देणे वेगळे. तो हक्क सोडला, तर अभिरुची ही वरच्या जातींची मिरासदारी आहे हे आपणच कबूल केल्यासारखे होते.

न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल या दांपत्याचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. हर्बर्ट शिंप्याचा मुलगा. त्याचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. टपालखात्यात तो पत्रांची छाननी करी. डोरोथी ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला. १९६२ साली लग्न झाले. पुढे तिच्या पगारात घर चालायचे आणि त्याच्या पगारातून कलाकृती घेतल्या जायच्या. नियम दोनच: किंमत झेपली पाहिजे आणि वस्तू आपल्या लहानशा भाड्याच्या घरात मावली पाहिजे. नावाजलेले कलावंत परवडत नव्हते, म्हणून ते तरुण, अप्रसिद्ध कलावंतांकडे गेले. पुढे त्या कलाकृतींना प्रचंड भाव आला, तरी संग्रह विकून त्यांनी पैसा केला नाही. १९९२ साली तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे सोपवण्याचे ठरले. २००८ मध्ये पन्नास राज्यांतील पन्नास संस्थांना प्रत्येकी पन्नास कलाकृती देण्याची योजना जाहीर झाली.

‘साधा टपाल कारकून’ म्हणून या गोष्टीचे फार कौतुक होते. त्या कौतुकात मुद्द्याची बाब हरवते. दोघेही चित्रकला शिकलेले होते. स्वतः चित्रे काढत होते. ते वर्षानुवर्षे पाहत राहिले. नजर त्यांना वारशाने मिळाली नव्हती, ती त्यांनी कमावली. निवृत्तिवेतनाची खात्री असलेल्या अमेरिकन नोकरदाराची तुलना आपल्याकडील पहिल्या पिढीच्या पगाराशी सरसकट करता येणार नाही, हेही खरे. आपल्या पगारावर गावाकडच्या चार घरांचा हक्क असतो.

पण संग्रहाचा प्रश्न केवळ पैशाचा नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, कोरीव दरवाजे. रोजच्या वापरातल्या वस्तूंत त्यांनी कला पाहिली, हा त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. मात्र ते अडकित्ते घडवणारे हात कोणाचे? संग्राहकाचे नाव पाटीवर आहे, कारागीर निनावी आहे. दोष एकट्या केळकरांचा नव्हे. घडवणाऱ्याचे नाव विचारण्याची रीतच या समाजात नव्हती. (केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. खरे अज्ञातवासी त्या कपाटांत आहेत.)

आणि आपण तरी काय करतो? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांबरोबर तसबिरी आणि बुद्धमूर्तीही घेतल्या जातात. मजुरीच्या पैशातून माणसे त्या निवडून घेतात. चेहरा जमला आहे की नाही, यावर वाद घालतात. हा संग्रहच आहे, आणि त्यात आनंदही आहे. पण तसबिरीखाली चित्रकाराचे नाव शोधण्याची सवय आपल्यालाही लागलेली नाही.

सावी सावरकर, विक्रांत भिसे यांच्यासारखे चित्रकार आज आपल्यातून आले आहेत. सावरकरांनी अस्पृश्य आणि देवदासी चितारल्या; भिसे यांनी आंबेडकरी चळवळीचा इतिहास रंगांत आणला. त्यांची चित्रे कलादालनांत जातात, हे योग्यच आहे. त्यावर चित्रकार जगतो. पण ज्यांच्या आयुष्यातून ती आली, त्यांच्या घरी ती का नसावीत? गळ्यातले मडके रोज दिवाणखान्यात कशाला पाहायचे, असे कोणी विचारील. विचारावे. त्याला रेषेतला जोर आवडत असेल तर त्याने ते घ्यावे, नसेल तर नुसता निळा रंग घ्यावा. आपल्या चित्रकाराने मडकेच काढले पाहिजे, अशी सक्ती आपणही करू नये. त्याने एखादे झाड काढले तरी ते आपलेच आहे.

राजगृह बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले. त्यामागची तळमळ आपण विद्यार्थ्यांना सांगतो. नवे पुस्तक हाती आल्यावरची खुशी फारशी सांगत नाही.

मुलांची फी आधी, चित्र नंतर, याबद्दल वाद नाही. तरीही एका पाटीवरून अनेक प्रती निघणारी छापचित्रे कॅनव्हासपेक्षा बरीच स्वस्त असतात आणि कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत विद्यार्थ्यांचे काम पाहायला पैसे पडत नाहीत. आवडले तर त्या मुलाशी बोलावे, हप्ता ठरवावा. घासाघीस करू नये. घरी आणल्यावर मागच्या बाजूला त्याचे पूर्ण नाव, साल आणि दिलेली रक्कम शाईने लिहून ठेवावी.